ताडपत्रीखालचं यंत्र

ओमेशनं धानातलं निंदण, म्हणजे तण, काढणारं यंत्र बनवलंय, हे आमच्या गोंदियाकडच्या गोरेगावात गुपित होतं. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. माझं नटबोल्टचं दुकान त्याच्या वेल्डिंग शेडसमोरच. गिऱ्हाईक काय नेतं यावरून त्याच्या मनातलं मला कळतं. ओमेश तर सकाळी नेलेलं बेअरिंग दुपारी बदलायला यायचा.

नागपूरच्या पेटंटवाल्या वकिलानं बजावलं होतं, अर्ज लागेपर्यंत यंत्र चारचौघांत चालवू नका, हक्क जाईल. अर्जाला नकाशे हवेत. ओमेश रोज काहीतरी बदलायचा, नकाशे जुने व्हायचे. चिखलात चालवल्याशिवाय बदल थांबणार नव्हते, आणि चिखल होता सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. निंदणाचे दिवस सरत होते. यंदाचा चिखल गेला की वर्ष गेलं. तो शेडमध्ये फेऱ्या घालायचा, कोणी थांबलं की ताडपत्री ओढायचा.

मोठे शेतकरी उदेलालकाकाजी मुद्दाम थांबायचे. "अकलेवर कायले झाकण ठेवून राहिला? एकाचं पाहून दुसरा शिकते, तवाच देश पुढे जाते."

"तुम्ही पाहून घेसान, अन् कोणी रायपूरवाला बनवून विकन," ओमेश म्हणायचा. दोघंही खरंच बोलत होते, हीच पंचाईत.

माझ्याकडे नसलेलं एक बेअरिंग आणायला ओमेश गोंदियाला गेला, तेव्हा काकाजींनी त्याच्या वडलांकडे, सेवकरामकडे, यंत्र मागितलं. निंदणाच्या दिवसांत मागितलेलं अवजार आमच्याकडे नाकारत नाहीत. सेवकरामनं तर चहा पाजून, स्वतः हात लावून ते ट्रॉलीत चढवलं.

ओमेश परतला तो थेट काकाजींच्या बांधीवर, धानाच्या खाचरात. मीही दुकान उघडं टाकून मागोमाग. यंत्र चिखलात रुतलेलं, भोवती अर्धं गाव. घरी ओढून न्यायला त्यानं दोर बांधला, आणि दोर हातात तसाच धरून वाकून रुतलेला भाग पाहू लागला. मग म्हणाला, "मशीन उलटी करा. पाहू काऊन फसते."

सगळ्यांनी यंत्राच्या पोटातलं सगळं पाहिलं. काकाजींनी प्लास्टिकचा ड्रम उभा कापून पुढे तरंगायला बांधला. यंत्र बांधीच्या पार गेलं. निंदण उपटलं, धान उभं. लोकांनी मोबाइल काढले.

"फोटो नोको काढा."

हे ओमेश बोलला नव्हता. काकाजी ड्रमपुढे हात पसरून उभे होते. "ड्रमची अक्कल माही आहे. ओमेश, वकिलाले फोन लाव. पयले ह्या ड्रमचं विचार."

ओमेशनं ऐकलंच नाही. यंत्र डावीकडे ओढ खात होतं, आणि तो पाना घेऊन पुन्हा चिखलात उतरला होता.