२०१३चं चित्र

आमच्या सेलूच्या कॉलेजात प्रॅक्टिकल करायचं नसतं, उतरवायचं असतं. कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला 'एचटीटीपी आणि एफटीपीची तुलना' असा एक प्रयोग आहे. ब्राउझरमध्ये एफटीपीचा, म्हणजे फायली पाठवायच्या जुन्या पद्धतीचा, पत्ता टाकायचा नि उघडलेल्या फायली दाखवायच्या. ब्राउझरवाल्यांनी ती सोयच काढून टाकली, त्याला वर्षं झाली. पण पोरं मागच्या बॅचच्या जर्नलमधल्या स्क्रीनच्या चित्राची झेरॉक्स चिकटवतात आणि परीक्षक डोळे झाकून सही करतात. चित्राच्या कोपऱ्यात अजून २०१३ची तारीख दिसते.

मी इथं तासिका तत्त्वावर शिकवते. मला त्या झेरॉक्सची चीड होती. मागच्या वर्षी वर्गाला म्हटलं, खरंच करून बघा. हिंगणीहून एसटीनं येणारी रुचिका तेवढी लॅबमध्ये थांबली. एचटीटीपीत वेबसाइटचं पान मागितलं, मिळालं, काम संपलं. एफटीपीत हुकमांची वाट वेगळी, फायलींची वेगळी. दोन्हींत सगळं उघडंच जातं, म्हणून पानांसाठी एचटीटीपीएस आलं आणि फायलींसाठी लोक एसएफटीपी वापरू लागले; ती दोन्ही मजकूर कुलूपबंद करून पाठवतात. रुचिकानं एफटीपीवरून जाणारा स्वतःचाच पासवर्ड शेजारच्या मशीनवर पकडला, अक्षर न् अक्षर. हे तर पोस्टकार्ड झालं, म्हणाली. मग एसएफटीपी लावून पाहिलं, तर एक अक्षर कळेना. दोन्ही तिनं जर्नलात लिहिलं. त्या दिवशी मला शिकवण्याचा फार आनंद झाला.

नागपूरच्या एका कंपनीत तिची निवड झाली होती. अट एकच, सगळे विषय एका दमात सुटले पाहिजेत.

परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. त्यांची सरबराई हा आमच्याकडे सगळ्यात मोठा विषय. तर्री-पोहे झाले, मग जर्नलं निघाली. रुचिकाच्या जर्नलात चित्र नव्हतं. त्यांनी तिला ब्राउझरमध्ये एफटीपी उघडायला सांगितलं.

"सर, ब्राउझरमध्ये ते आता उघडत नाई. दुसऱ्या सॉफ्टवेअरनं करून दाखवू का?"

बाकी सगळ्यांचं उघडलं, तुझंच कसं उघडत नाही, असं म्हणत त्यांनी चिकटवलेल्या चित्रांवर बोट ठेवलं. मी मध्ये बोलले. विभागप्रमुख नीलेश सरांनी मला चहाचं बघायला पाठवलं. परत येईपर्यंत 'प्रयोग अपूर्ण' असा लाल शेरा पडला होता. रुचिका नापास झाली, नोकरी गेली. मी तक्रार करते म्हटलं, तर सर म्हणाले, परीक्षक पुढच्या वर्षीही आपल्याकडेच येणार आहेत, मॅडम. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तक्रार केलीच मी. तिचं उत्तर आजतागायत आलं नाही.

यंदा तेच परीक्षक आले आणि रुचिका पुन्हा बसली. पैकीच्या पैकी मार्क मिळाले. ती पेढे घेऊन आली, तेव्हा मी तिचं जर्नल उघडलं. चित्र नीट चिकटवलं होतं, कोपऱ्यातल्या तारखेसकट.

कंपनीचं काय, मी विचारलं. त्यांनी केव्हाच दुसरी मुलगी घेतली, म्हणाली.

"मॅडम, मले सगळं येत होतं. हे झेरॉक्सचं तेवढं तुम्ही आधी काऊन नाई सांगितलं?"

आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. माझ्या हातात पेढा तसाच राहिला. दाराशी पुढच्या बॅचची पोरं तिचं जर्नल मागायला उभी होती. तिनं ते देऊन टाकलं. त्यांना अडवायला माझ्यापाशी तोंड उरलं नव्हतं.