वठलेल्या झाडाचा होकार

"कोपर आवरा हो जरा, बरगडी मोडेल माझी," गर्दीत एक म्हातारी पुटपुटली. लाकडाच्या वखारीमागे सकाळी साडेसातलाच पाय ठेवायला जागा नव्हती. सगळे एका वठलेल्या झाडापुढे डोळे मिटून उभे.

वखारवाल्याने खोडावर काठीने ठोकलं. "बाबा, हिच्या मुलीला नोकरी लागेल?"

वरून टर्रर्र असा खणखणीत आवाज आला. बाई रडायलाच लागली.

"माझे बाबा गेले, पण लाकडात त्यांचं कंपन उरलंय," वखारवाला म्हणाला. "वर बघू नका. नजरेनं कंपन फाटतं." महिन्यापूर्वीपर्यंत ह्याला फळीचं माप धड घेता येत नव्हतं, आता कंपनं मोजत होता.

मागे त्याची थोरली बहीण, ताई, आईचा हात धरून उभी होती. ताई शिवणकाम करायची. मशीनसमोरच्या खिडकीतून तिला हेच झाड दिसे, आणि त्यातली सुतार पक्ष्यांची ढोलीही. गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीत, मागच्या पानांवर, तिने सगळं टिपलं होतं. सकाळी नर मोकळा असतो. कुणी लाकूड ठोकलं की हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून फांदीवर चोच बडवून दम देतो. नऊला मादी उडते, नर अंड्यांवर बसतो. मग कितीही ठोका, चिडीचूप.

भाऊ भाबडेपणाने फसलाय, वाचून शहाणा होईल, म्हणून गेल्या आठवड्यात तिने वही त्याला दिली होती.

आईच्या पोटात गाठ होती. डॉक्टर म्हणत, लगेच काढू. आई म्हणे, आधी ह्यांना विचारते. तिला भाऊ साडेनऊलाच बोलवायचा; आज ताईच तिला लवकर घेऊन आली होती. तीनदा विचारलं, तीनदा झाड गप्प. गप्प म्हणजे नाही.

आज त्याच्या हातात वही उघडी होती. नऊच्या ओळीखाली लाल रेघ. म्हणजे आईची वेळ त्याने मुद्दाम निवडली होती.

ती पुढे झाली. दोन ढलप्या उचलून एकमेकींवर आपटल्या. "बाबा, दोन नि दोन पाच होतात?"

टर्रर्र.

"मी डोक्यावर चालते?"

टर्रर्र. कुणीतरी फिसकन हसलं.

"आता डोळे उघडा. वर बघा." फांदीवर लाल तुरा हलत होता. ताईने सगळं उलगडून सांगितलं. "त्याला आपलं घर राखायचंय. तुमची नोकरी, तुमचं दुखणं त्याला काय ठाऊक? ज्यानं तपासलंय त्याला विचारा. आणि डोळे मिटून काही मानू नका."

"ताई, बाबा ऑपरेशनच्या टेबलावर गेले," भाऊ खाली बघत म्हणाला. "आईला मी पाठवणार नाही."

"म्हणून माझीच वही वापरलीस? तुझ्यावर विश्वास ठेवून दिली होती रे."

त्याने वही मिटली. आई गर्दीतून वाट काढत लेकाजवळ गेली.

"मला आजच दवाखान्यात ने," ती म्हणाली. "टेबलाला काय दोष देतोस? दुखणं वाढत होतं नि चार महिने घरी ठेवलं आपण त्यांना. नेऊ नका म्हणून मीच अडून बसले होते."