बोलणारी पाटी

कावेरीचा आवाज गेला त्याला दोन वर्षं होत आली होती. घशात गाठ निघाली, सोलापूरला ऑपरेशन झालं, जीव वाचला आणि आवाज कायमचा गेला. गळ्याला भोक राहिलं, त्यावर ती सुती रुमाल बांधायची. नांदूरघाटच्या पेठेत जी बाई रस्त्याच्या पलीकडच्या गिऱ्हाईकाला नावानं हाक मारून दुकानात बोलवायची, ती आता पाटीवर लिहून बोलू लागली.

कापडाचं दुकान कागदावर तिच्या धाकट्या भावाचं, सिद्धेश्वरचं. चालवलं मात्र तिनं. नवऱ्यानं दुसरी बायको केली तेव्हा ती माहेरी आली, आणि वडिलांच्या माघारी बसत चाललेलं दुकान तिनं पुन्हा उभं केलं. माल घ्यायला इचलकरंजीला तीच जायची. सिद्धेश्वर गल्ल्यावर बसायचा आणि भाव सांगायच्या आधी अक्काच्या तोंडाकडं बघायचा.

आता तिच्या तोंडाकडं बघायचं काही कारण उरलं नव्हतं. पाटीवर लिहायला वेळ लागतो, तेवढ्यात माणूस उठून जातो. भावजय मल्लम्मा भाकरी थापता थापता म्हणायची, थांबा वन्सं, हात मोकळा झाला की बघते. हात मोकळा झाला की विसरायची. सिद्धेश्वर पहिली ओळ वाचून ‘बरं’ म्हणायचा. दुसरी ओळ लिहायचं कावेरीनं हळूहळू सोडून दिलं.

दोन हजार बाराच्या उन्हाळ्यात पेपरात बातमी आली. एका कंपनीनं नवा टॅबलेट जाहीर केला होता. पाटीएवढाच, काचेचा, बोटानं चालणारा, आणि त्यावर मराठीत लिहिलं की तो ते मोठ्यानं वाचून दाखवणार होता. कावेरीनं बातमी दोनदा वाचली आणि जेवायच्या वेळी पेपर सिद्धेश्वरच्या ताटाशेजारी ठेवला.

त्यावर घरात बरेच दिवस बोलणं झालं. सिद्धेश्वरचं म्हणणं, इथं निम्मा दिवस लाईट नसते, चार्ज कुठं करायचा? मल्लम्माला वाटत होतं की या वयात असलं यंत्र जमणार नाही आणि जमलं तरी गाव हसेल. पुण्याहून सिद्धेश्वरचा मुलगा वीरेश फोनवर म्हणाला की पहिल्या मालात खोट फार असते, जाणकार माणूस कधीच लगेच घेत नाही. बीडला बीएस्सी करणारी मुलगी शिवांजली तेवढी म्हणाली, आत्याला हवंय तर बघायला काय जातंय.

मल्लम्मानं विचारलं, ‘‘पाटी हाय की वन्सं. मग हे कावून?’’

कावेरीनं लिहिलं आणि पाटी तिच्या डोळ्यांसमोर धरून ठेवली. ‘पाटीकडं बघावं लागतं. आवाजाकडं बघावं लागत न्हाई.’

शेवटी सिद्धेश्वर तिला एसटीनं बीडला घेऊन गेला. दुकानदारानं टॅबलेट काढला, ‘नमस्कार’ लिहिलं आणि आतून एका बाईचा आवाज आला, सपाट, पण स्वच्छ. सिद्धेश्वर गॅरंटीचं विचारू लागला. तेवढ्यात कावेरीनं तो आपल्याकडं ओढला आणि एक एक अक्षर शोधत लिहिलं. दोघं पुरुष थांबले. मग तो बाईचा आवाज म्हणाला, ‘‘याच्यात खोट काय हाय ते आधी सांग.’’

इचलकरंजीच्या पेढीवर ती हेच विचारायची. दुकानदार हसला आणि सिद्धेश्वरला सोडून तिच्याकडं वळला. ‘‘खरं सांगतो मावशी. बॅटरी लवकर उतरते. आणि ‘ळ’ त्याला म्हणता येत नाही, ‘ल’ म्हणतो. बाकी खोट नाही.’’

मग तो तिच्याशीच बोलत राहिला. ती लिहायची, तो थांबायचा, ऐकायचा, उत्तर द्यायचा. दोन वर्षांत असं कुणी केलं नव्हतं. सिद्धेश्वर बाजूला उभा राहून रस्त्याकडं बघत होता.

‘‘विचार करून येतो,’’ असं सांगून त्यानं तिला बाहेर आणलं. एसटीत तो म्हणाला, ‘‘आत्ताच निघालंय अक्का. सहा महिन्यांत ह्याच्यापेक्षा चांगलं येतंय, स्वस्त बी होतंय. आत्ता घेणं म्हणजे खुळेपणा हाय.’’ गाव येईपर्यंत कावेरीनं पिशवीतून पाटी काढली नाही.

पुढच्या आठवड्यात अर्जुनराव घरी येऊ लागले. हे पूर्वी जिल्हा परिषदेवर होते आणि आता पेठेत मोठं कॉम्प्लेक्स बांधणार होते. त्यांना दुकानाची जागा हवी होती. वीरेशला पुण्यात फ्लॅट घ्यायचा होता, आणि सिद्धेश्वरलाही दुकानाचा कंटाळा आला होता. ही सगळी बोलणी कावेरीच्या समोर चालायची. ती चहा ठेवायची, कप उचलायची, कुणीही आवाज खाली करत नव्हतं. तिला बोलता येत नाही म्हणजे ऐकूही येत नसावं, अशी त्यांची समजूत होऊन गेली होती.

शिवांजली सुट्टीत आली तेव्हा कावेरीनं हातातल्या पाटल्या काढून तिच्या ओंजळीत ठेवल्या. पोरगी त्या घेऊन बीडला गेली. परत आली ती टॅबलेट घेऊन.

सिद्धेश्वर चिडला, पण आणलेली वस्तू परत कोण घेणार? कावेरी दुपारी दुकानाच्या गादीवर बसून बोटं बसवत राहिली. एकदा चुलीकडं तोंड करून बसलेल्या मल्लम्माला मागून आवाज आला, ‘‘मल्लम्मा, आमटी करपत हाय.’’ मल्लम्मा दचकली, झटकन पातेलं उतरवलं आणि पाठ न वळवता म्हणाली, ‘‘बघा की वन्सं, ध्यानच न्हाई माझं.’’ दोघी मग बराच वेळ बोलत बसल्या. त्या दिवशी कावेरीला वाटलं, पाटल्या गेल्या त्याचं चीज झालं.

सौदा पक्का करायला अर्जुनराव दोन माणसांना घेऊन आले त्या दिवशी ती बैठकीत जाऊन बसली. काय म्हणायचं ते तिनं आधीच लिहून ठेवलं होतं. सिद्धेश्वर होकार द्यायला तोंड उघडणार तेवढ्यात तिनं बोट टेकवलं.

‘‘दुकान विकायच्या आधी मला विचारा. हे सगलं मी उभं केलं हाय. मी हो म्हटलेलं न्हाई.’’

मग अर्जुनराव पुढं वाकले. ‘‘हे बोलतंय व्हय? लई भारी हाय की. सगलं म्हणतंय, सगलं.’’ बाकीचे दोघं हसायला लागले. ‘‘पुन्हा लावा, अक्का.’’

तिला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नसेल. तिनं आवाज वाढवला आणि पुन्हा बोट टेकवलं. या खेपेला ‘सगलं’ शब्दाची वाट बघून ते हसले. एकानं विचारलं, माझं नाव घेतंय का? सिद्धेश्वरनं तिच्या मांडीवरचा टॅबलेट उचलला, हसत हसत काहीतरी लिहिलं, आणि तिचाच आवाज म्हणाला, ‘‘या अर्जुनराव, चहा घ्या.’’ मग तर सगळ्यांनी टाळ्या दिल्या. टॅबलेट हातोहात फिरला. तो तिच्याकडं परत आला तेव्हा सौदा झालेला होता.

दुकानातला उरला माल घाऊक देऊन टाकायचं ठरलं. त्यातले खण, ब्लाऊजपीस आणि परकराचं कापड कावेरीनं न विचारता दोन गाठोड्यांत बांधलं आणि धारूरला गेली. तिथं मंजुळाबाई नावाची तिची लहानपणची मैत्रीण राहत होती, तिच्या ओसरीवर तिनं कापड मांडलं. बायका यायच्या, टॅबलेट भाव सांगायचा, बायका कमी करायला सांगायच्या. विक्री बेताची होती.

वीरेशच्या फ्लॅटची वास्तुशांत झाल्यावर सिद्धेश्वर पेढे घेऊन धारूरला आला. अंगानं उतरला होता. पुण्यात करमत नाही, म्हणाला, आणि गावात बसायला जागा नाही. पेठेत आपल्या दुकानाच्या जागी नुसता खड्डा आहे, अर्जुनरावांचं काम बंद पडलंय. दिवसभर माणसानं काय करायचं?

कावेरीनं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला.

तो पाणी प्याला. मग म्हणाला, ‘‘तवाच सांगायचं होतंस की, अक्का. तू न्हाई म्हटली असतीस तर मी थांबलो असतो.’’

टॅबलेट तिच्या गुडघ्याशी होता, चार्ज केलेला. तिनं त्याला हात लावला नाही. पाटीही घेतली नाही. सिद्धेश्वर वाट बघत राहिला, आधी टॅबलेटकडं, मग तिच्या तोंडाकडं. ती समोरच्या खणांच्या घड्या सारख्या करत होती.

गावाकडं जाणारी केजची गाडी लागल्याचं मंजुळाबाईनं बाहेरून सांगितलं तसा तो उठला.