अंगठ्याचं नख

‘आय क्रॉस द फ्लॉवर्स,’ बेबीनंदामावशी तिसऱ्यांदा म्हणाल्या.

‘त्याचा अर्थ फुलं तुम्ही स्वतः क्रॉस करता, मावशी.’

‘मंग कोण करतं? बावीस वर्सं मीच करून राह्यले की!’

बदनापूरजवळच्या कपाशीच्या बीजप्लॉटच्या बांधावर आम्ही बसलो होतो. मी बियाणे कंपनीत नुकतीच लागलेली, वनस्पतिशास्त्राची पदवीधर. संध्याकाळी कळी अंगठ्याच्या नखानं सोलून पुंकेसर काढायचे आणि सकाळी तिच्यावर नराचं फूल फिरवायचं, हे मावशींचं काम. त्यासाठी उजव्या अंगठ्याचं नख वाढवलेलं. पण त्या अंगठ्याचं पेर आता वाकत नव्हतं. मुकादमाची जागा मिळाली तरच यंदा काम होतं. मुलाखत घेणारे साहेब कोइमतूरचे, विचारणार इंग्रजीत.

‘दुसऱ्यांकडून काम करून घेता, असं सांगायचं. आय मेक द विमेन क्रॉस. मेक असेल तर मध्ये टू नको. आय गेट द विमेन टू क्रॉस. गेटला टू हवा.’

‘असं का?’

नियम मला पाठ होता, कारण ठाऊक नव्हतं.

‘बरं, दोन्हीत फरक काय?’

‘मेकमध्ये जोर आहे. गेटमध्ये समजूत घालणं.’

‘मंग गेटच बराबर. आमच्या ओळीतल्या केशरबाईला मेक करून बघा तुम्ही! डबा उचलून घरी जाईल ती.’

मुलाखत नवीन जालन्यातल्या ऑफिसात झाली; मीही सोबत होते. मावशींनी वाक्य बिनचूक म्हटलं, टूसकट. साहेब खूश झाले. मग त्यांनी टेबलावरची कळी पुढे सरकवली. ‘शो मी.’

मावशींनी कळी घेतली. अंगठा लावला. पेर हललं नाही.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘मॅडम, इकडं या.’

माझा अंगठा त्यांनी आपल्या मुठीत धरला. ‘जल्दी न्हाई. इथं टेकवा. आता गोल.’ मी वहीत शंभर कळ्यांच्या आकृत्या काढल्या होत्या, सोलली एकही नव्हती. साल सुटली, पुंकेसर निघाले, मधला स्त्रीकेसर सरळ उभा राहिला.

साहेबांनी भिंगातून पाहिलं. कुठे ओरखडा नव्हता.

‘आय गेट,’ मावशी हळूच म्हणाल्या.

सोमवारी त्या मुकादम म्हणून प्लॉटवर आल्या. बायका ओळीत वाकल्या होत्या, मावशी बांधावर उभ्या होत्या. नख कापलेलं होतं. अंगठ्याचा बोथट शेंडा त्या तर्जनीवर पुन्हा पुन्हा घासून बघत होत्या.