मुकुट डोक्यावर असेपर्यंत

तुमच्या ऑफिसात, शाळेत, कदाचित घरातसुद्धा असा एखादा नियम असेलच, जो कुणी आणि कशासाठी केला हे आता कुणाला आठवत नाही, पण तो मोडायची छातीही कुणाला होत नाही. या गोष्टीतल्या नाटक कंपनीत असाच एक नियम होता. राजाचं काम करणाऱ्या नटानं मुकुट डोक्यावर चढवला, की तो उतरेपर्यंत कंपनीतल्या कुणीही बसायचं नाही. रंगमंचावर तर नाहीच, पण विंगेत, रंगपटात, मागच्या बोळातही नाही.

नियम केला होता कंपनी काढणाऱ्या मास्तरांनी, आणि तेव्हा त्याला कारण होतं. पहिल्या नाटकात शिपायांची कामं करणारी मंडळी विंगेत फतकल मारून गप्पा छाटत बसायची आणि प्रवेश आला की तशीच खिदळत, मागची धूळ झटकत दरबारात शिरायची. सिंहासनावर राजा गर्जतोय आणि शिपाई जांभया देताहेत, असा तो दरबार. मास्तर म्हणाले, "राजा काही एकट्यानं करता येत नाही. भोवतालचे अदबीनं उभे राहतात, म्हणून तो राजा दिसतो. तेव्हा मुकुट चढला की सगळे उभे." आणि ते स्वतःही उभे राहिले. पुढे काठी हातात आली, तरी उभेच राहिले.

मास्तर गेले आणि कंपनी त्यांच्या आवडत्या नटाकडे आली. त्यांना सगळे 'राजे' म्हणत. खरं नाव होतं, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं.

राजे वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. कुणाचा पगार त्यांनी अडकवला नाही, आजारी नटाच्या घरी ते फळं घेऊन जात. फक्त मुकुट जरा लवकर चढू लागला. पूर्वी तो तिसऱ्या घंटेला चढायचा, मग तोंडाला रंग लागल्याबरोबर चढू लागला. पुढे तालमीतही आला, म्हणे सवय राहावी म्हणून. मग कुणी सुट्टी मागायला यायचं असलं, की राजे नेमके आरशासमोर मुकुट घालून बसलेले असत. ते बसलेले, समोरचा उभा. सुट्टीचं अर्धं वाक्य ओठांपर्यंत यायचं आणि तिथंच विरघळून जायचं. एवढा दरारा ज्याचा, तो मुकुट होता पत्र्याचा. वरचा सोनेरी कागद सुटला की वहिनी तो खळ लावून पुन्हा चिकटवायच्या.

वहिनी म्हणजे राजांच्या थोरल्या भावाची बायको. कंपनीचे सगळे कपडे त्यांच्या ताब्यात. आणि थोरले भाऊ, ज्यांना सगळी कंपनी दादा म्हणायची, ते प्रॉम्प्टर. आईवडील लवकर गेल्यावर दादांनीच धाकट्याला वाढवलं, हाताला धरून मास्तरांकडे आणलं. खरं तर नट व्हायचं होतं दादांनाच, पण त्यांचा आवाज पहिल्या रांगेच्या पुढे जायचा नाही. मग ते डाव्या विंगेत संहिता घेऊन उभे राहिले आणि धाकट्याला शब्द पुरवत राहिले. त्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही.

अलीकडे दादांचे पाय सुजत. पाय चपलांत मावत नव्हते. तिसऱ्या अंकात मुकुट एकदाही उतरत नसे, आणि तो अंक संपता संपत नसे.

एकदा शिपायाचं काम करणारा गोट्या धीर करून रंगपटात गेला. म्हणाला, "राजे, दादांना विंगेत एक स्टूल ठेवू या का? पाय बघवत नाहीत त्यांचे."

राजे आरशात मिशी चिकटवत होते. म्हणाले, "आज दादाला स्टूल, उद्या तुला खुर्ची, परवा सगळ्यांना गाद्या घालू. नियम म्हणजे नियम, गोट्या."

दारातून दादांचा आवाज आला, "राहू दे रे. माझ्या पायांचं जाऊ दे, त्याचा मुकुट हलता कामा नये." सगळे हसले. राजेही हसले. त्या हसण्याची आठवण पुढे त्यांना सुखानं जेवू देणार नव्हती, पण ते तेव्हा कुणाला ठाऊक?

दुपारचा प्रयोग होता. नाट्यगृह भरलेलं, विंगेत वारा नाही. तिसरा अंक रंगात आला होता. या अंकात राजाचा पराभव होतो. शत्रू वेशीपर्यंत पोचतो, तरी भीतीपोटी त्याला कुणी काही सांगत नाही आणि राजा शेवटी सिंहासनावरून विचारतो, "माझ्या दरबारात मला खरं सांगणारा एकही उरला नाही काय?" या वाक्याला हमखास टाळ्या पडत.

सिंहासनावरून डावी विंग स्पष्ट दिसायची. राजांचं लक्ष सहज तिकडे गेलं. दादा गोट्या आणि लंबू या दोन शिपायांच्या मध्ये उभे होते. दोघांनी त्यांना काखेत हात घालून धरलं होतं आणि दादांचं डोकं लंबूच्या खांद्यावर पडलं होतं. संहिता जमिनीवर. राजांना वाटलं, यांची काहीतरी थट्टा चालली आहे, तीही भर अंकात! त्यांनी बोलता बोलता डोळे वटारले. ते पाहून दोघांनी दादांना आणखी ताठ उभं केलं.

टाळ्या पडल्या. पडदा पडला. राजांनी सवयीनं मुकुट काढून उजव्या विंगेतून आलेल्या वहिनींच्या हातात दिला, आणि त्याच क्षणी विंगेतले सगळे खाली टेकले. गोट्या आणि लंबूनंही दादांना अलगद खाली बसवलं. पण दादा बसले नाहीत, ते तसेच एका कुशीवर कलंडले. वहिनींच्या हातातला मुकुट खाली पडून घरंगळत गेला. तो उचलायला कुणी धावलं नाही.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "चक्कर आल्यावर यांना आडवं केलं नव्हतं का?" गोट्यानं नकारार्थी मान हलवली. त्या म्हणाल्या, "घेरी आलेल्या माणसाला आधी आडवं करायचं असतं. उभं धरून ठेवलं, की मेंदूला रक्त पोचत नाही. साधी गोष्ट आहे हो."

दादा शुद्धीवर आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी गेले.

राजांचं दुःख आधी संतापाच्या वाटेनं बाहेर पडलं. त्यांनी गोट्या आणि लंबूला समोर उभं केलं. "माझा भाऊ कोसळत होता आणि तुम्ही त्याला बाहुल्यासारखा धरून ठेवलात? आडवं का नाही केलं?"

लंबू रडायला लागला. गोट्या खाली बघत म्हणाला, "मुकुट होता ना तुमच्या डोक्यावर."

"म्हणून?"

"आम्हाला वाटलं, खाली बसवलं तर प्रयोग संपल्यावर तुम्ही त्यांना सगळ्यांदेखत बोलाल. दादांना ते सोसलं नसतं. अंक संपतच आला होता. म्हटलं, थोडाच वेळ, तेवढं सावरून धरू." त्यानं डोळे पुसले. "प्रेमानंच धरलं होतं हो आम्ही."

राजे तिथून निघाले. ते सुन्न होऊन घरी आले. त्यांची लेक स्वयंपाकघरात ताट घेऊन जेवायला बसली होती. बापाची पावलं वाजली तशी ती हातातला घास ताटात टाकून चटकन उठून उभी राहिली. ती लहानपणापासून अशीच उठत आली होती, आणि राजांना त्यात मुलीचं वळण दिसायचं, कौतुक वाटायचं. आज त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. वळण कसलं, ते भय होतं. आणि मुकुट तर तिकडे पेटीत बंद होता!

ते तसेच मागे फिरले आणि कंपनीच्या कपड्यांच्या खोलीत गेले. वहिनी दादांचा जुना सदरा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. राजे त्यांच्यासमोर जमिनीवरच बसले.

"वहिनी, दादा माझ्यामुळं गेला का?"

वहिनींनी सदऱ्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "खोटं बोलून तुमचं समाधान करू का, भावोजी? तेच करत आलो आम्ही इतकी वर्षं."

"मी कधी कुणावर हात उगारला नाही. कुणाला शिवी दिली नाही."

"म्हणून तर कुणाच्या लक्षात आलं नाही. हात उगारणाऱ्याला लोक ओळखतात आणि कधी ना कधी त्याचा हात धरतात. तुम्ही आपले नुसते बसलेले असायचात, आणि आम्ही उभे." त्यांनी सदरा बाजूला ठेवला. "किती राजे केलेत तुम्ही. इतिहासातले केलेत, लेखकांनी मनानं रचलेले केलेत. सगळ्यांची गत एकच. दारात संकट आलं आणि ते सांगायला कुणी धजावलं नाही. आपण ते रंगवून दाखवतो, लोक डोळे पुसतात, टाळ्या वाजवतात आणि घरी जाऊन आपापला मुकुट चढवतात. कुणी साहेब, कुणी हेडमास्तर, कुणी सासूबाई. तो मुकुट दिसत नाही एवढंच. भोवतालचे उभे असतात त्यावरून ओळखायचा."

"मला का नाही सांगितलंत?"

"तेच मी स्वतःला विचारतेय." वहिनींनी कोपऱ्याकडे बोट केलं. तिथं त्यांचं शिवणाचं स्टूल होतं. "त्याच्यावर बसून मी तुमच्या मुकुटाला कागद चिकटवायचे. ते उचलून विंगेत न्यायला कितीसा वेळ लागला असता? पण म्हटलं, आपण कशाला वाईटपणा घ्या. तुमच्या मुकुटात काय होतं, भावोजी? पत्रा. त्याचा सगळा जोर आमच्या गुडघ्यांत होता. आम्ही गुडघे वाकवून खाली बसलो असतो, तर ते आज माझ्याजवळ असते."

त्या मग रडल्या. दादा गेल्यापासून पहिल्यांदाच. राजांना त्यांची समजूत घालता आली नाही, कारण समजूत घालणारा घरातला माणूस दादाच होता.

दादांचे दिवस झाल्यावर कंपनी पुन्हा प्रयोगाला उभी राहिली, त्या दिवशी राजांनी वहिनींचं स्टूल स्वतः उचलून डाव्या विंगेत ठेवलं. आता संहिता गोट्याच्या हाती होती. तिसऱ्या घंटेआधी राजांनी मंडळींना बोलावलं आणि मुकुट डोक्यावर ठेवला. सगळे ताठ झाले.

"आजपासून तो नियम बंद. बसा."

कुणी हललं नाही. काहींनी एकमेकांकडे पाहिलं.

"अरे, बसा म्हणतोय ना मी!"

त्या आवाजासरशी सगळे धपकन खाली बसले, चेहरे धास्तावलेले. एकट्या वहिनी तेवढ्या उभ्या राहिल्या. शांतपणे म्हणाल्या, "हाही हुकूमच झाला, भावोजी."

राजांचा चेहरा पडला. त्यांनी मुकुट काढून हातात घेतला आणि ते मंडळींमध्ये, धुळीत बसले. म्हणाले, "मला दुसऱ्या तऱ्हेनं बोलताच येत नाही रे. मी चुकलो की सांगाल का मला?"

गोट्या म्हणाला, "सवय नाही, राजे. आम्हालाही शिकावं लागेल."

प्रयोग सुरू झाला. तिसऱ्या अंकात राजे सिंहासनावर बसले आणि ते वाक्य आलं, "माझ्या दरबारात मला खरं सांगणारा एकही उरला नाही काय?" त्यांची नजर डाव्या विंगेकडे गेली. गोट्या स्टुलाशेजारी उभा होता, संहिता छातीशी धरून. राजांकडे बघत, भीत भीत, तो खाली टेकला. पूर्ण बसला. आयुष्यात पहिल्यांदा राजे आपलं पुढचं वाक्य विसरले. मग विंगेतून, बसल्या जागेवरून, गोट्यानं हलक्या आवाजात त्यांच्या वाक्याऐवजी प्रधानाचं उत्तर पुरवलं, "उरला होता महाराज, पण आपण त्याच्याकडे पाहिलं नाहीत."

राजांनी ते वाक्य उचललं आणि प्रधानाचं वाक्य आपण स्वतः म्हणतोय, हेही त्यांच्या ध्यानात आलं नाही. ते म्हणाले, "उरला होता. पण मी त्याच्याकडे पाहिलं नाही." टाळ्या पडल्या नाहीत. विंगेत वहिनींनी पदर तोंडाशी धरला होता.

वाचकहो, सत्ता फक्त गादीवर आणि कचेरीत नसते. एखादा चार माणसांत बसतो आणि बाकीचे उठून उभे राहतात, तिथं ती सुरू होते. सुरुवातीला तिला चांगलं कारण असतं, पुढे कारण निघून जातं आणि उभं राहणं तेवढं उरतं. म्हणून आपण बसलेले असू, तर भोवती कोण उभं आहे आणि किती वेळ उभं आहे, हे पाहावं. आणि आपण उभे असू, तर शेजारी कुणी कोसळत असेल तर त्याला प्रेमानंसुद्धा उभं धरून ठेवू नये. त्याला आधी खाली बसवावं. मुकुटाचं नंतर बघता येईल.