यादव मास्तरांची पट्टी

हर्षालीला निळ्या फुलांच्या कपात चहा आला आणि धनराजच्या अंगाचा तिळपापड झाला. बावीस वर्षं तो अंबडच्या या ट्रान्सपोर्ट कचेरीत लाइन प्रिंटर दुरुस्त करायला येत होता, आणि बावीस वर्षं त्याच्या नशिबी तोच कान तुटलेला कप. कचेरी सांभाळणाऱ्या लताबाईंनी तो निळा कप त्याच्यासाठी कपाटातून कधी म्हणजे कधी काढला नव्हता. आणि ही पोरगी! कंपनीत लागून जेमतेम सहा महिने झालेले, हातात डिप्लोमाचा कागद, आणि हिला आल्याचा चहा. वर पुन्हा, "साखर पुरेशी आहे ना गं बाळा?"

आता हा प्रिंटर म्हणजे काही टेबलावरचं खेळणं नव्हे. कपाटाएवढं धूड. आत बारीक हातोड्यांची लांबच लांब रांग, डावी-उजवीकडे सरासरा झुलणारी. प्रत्येक हातोडी चुंबकाने मागे धरून ठेवलेली. विजेचा झटका आला की पकड सुटते, हातोडी रिबिनीवर आपटते आणि कागदावर ठिपका उमटतो. असे हजारो ठिपके पडले की मालाचं एक चलन होतं, तेही चार प्रतींचं. गाडी सोडायची तर चौथी प्रतसुद्धा धड वाचता यायला हवी.

खरी मेख आहे ती फटीत. हातोड्या आणि कागदामागचा लोखंडी दांडा, यांच्यातली फट. ती वाढली की चौथी प्रत पुसट, घटली की रिबीन फाटते. ही फट धनराज लावायचा ती त्याला हे काम शिकवणाऱ्या यादव मास्तरांच्या पट्टीने. बोटभर लांबीची पितळी पट्टी. मास्तरांनी रिटायर होताना स्वतः त्याच्या हातावर ठेवलेली. "ही फटीत सरकव. किंचित अडली पाहिजे, बास," एवढंच ते म्हणाले होते. दर खंडेनवमीला धनराज सगळी हत्यारं पुसायचा, पण ही पट्टी मात्र पॉलिश पेपरने घासघासून सोन्यासारखी करायचा आणि हळदकुंकू वाहून देवापुढे ठेवायचा.

गेली दोनेक वर्षं इथल्या रिबिनी सारख्या फाटत होत्या. "हल्ली रिबिनीच भिकार येतात हो," धनराज म्हणायचा, आणि लताबाई मान डोलवायच्या. पण गेल्या महिन्यात तो मेव्हण्याच्या लग्नाला चांदवडला गेला, तेवढ्यात हर्षाली येऊन स्टीलच्या गेजने फट लावून गेली. झालं! महिनाभर एक रिबीन फाटेना. लताबाईंनी कंपनीत फोनच केला की यापुढे आमच्या मशीनला तीच मुलगी पाठवा. साहेब म्हणाले, आज दोघांनाही पाठवतो, तुम्हीच बघून ठरवा.

"पोरीचं कौतुक झालं तर तुमच्या पोटात का दुखतं?" सकाळी इंदिरानगरातल्या घरून निघताना बायकोने, सविताने, विचारलं होतं.

"माझ्या कशाला दुखेल? तिला काय कळतं, एवढंच म्हणतोय मी."

"तेच ते," सविता म्हणाली आणि डबा हातात दिला.

हर्षाली येवल्याची, पैठणी विणणाऱ्या घरातली. पहिल्याच दिवशी ती म्हणाली होती, "मागावरच्या धोट्याचा आवाज बदलला की बाबांना न बघता कळतं. तुम्हालाही मशीनचं तसंच कळतं ना काका?" धनराजने नाक मुरडलं होतं. ते 'काका' तर त्याच्या डोक्यातच गेलं होतं.

चहा संपायच्या आत त्याने पाना उचलला. "लताबाई, माझ्या पट्टीने लावतो, मग बघा चौथी प्रत कशी येते ती." फट लावली, मशीन सुरू केलं. चौथी प्रत अशी काळीकुळकुळीत की लताबाई "अगं बाई!" म्हणाल्या.

"काका, फट जरा कमी वाटतेय," हर्षाली हळूच म्हणाली.

"मॅडम, तुम्ही बालवाडीत होतात तेव्हापासून ही फट मी लावतोय."

वीस मिनिटं धनराजने ऐटीत काढली. मग आत फर्रकन काहीतरी फाटलं, खाडकन तुटलं आणि चलनावर प्रत्येक ओळीत एक पांढरी रेघ यायला लागली. हर्षालीने धावत जाऊन बटण बंद केलं. रिबिनीच्या चिंध्या हातोड्यांत अडकल्या होत्या आणि एका हातोडीचं टोक उडालं होतं. बाहेर तीन ट्रक चलनासाठी उभे. लताबाई कपाळावर हात मारून ड्रायव्हर लोकांना थोपवायला गेल्या.

हर्षालीने टेबलावरची पट्टी उचलली. "काका, ही किती थाऊची?" थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग.

"पंधरा. मास्तरांनी कोरलाय आकडा." धनराजने पट्टी उलटी केली. आकडा नव्हता. सुलटी केली. तिकडेही नव्हता. दोन्ही बाजू आरशासारख्या गुळगुळीत.

तिने पट्टी मायक्रोमीटरमध्ये धरली. "अकरा," ती म्हणाली. "तुम्ही घासता का हो ही?"

धनराजने पट्टीवरून अंगठा फिरवला. बावीस खंडेनवम्या! मास्तरांचं माप त्याने स्वतःच्या हाताने, मनोभावे, घासून घासून संपवलं होतं. फट दरवर्षी केसाकेसाने कमी होत गेली होती आणि शिव्या खाल्ल्या होत्या रिबिनींनी.

लताबाई धापा टाकत परत आल्या. "काय झालं काय नेमकं?"

हर्षालीने पट्टी धनराजच्या मुठीत सरकवली. "रिबीनच खराब होती, लताकाकू. काकांची काही चूक नाही."

"असं होय! मग काही तक्रार नाही बाई. चौथी प्रत तर झकास आली होती. येऊ देत धनराजभाऊच."

मशीन हातचं जायचं वाचलं. धनराजने सुटकेचा श्वास सोडायला हवा होता की नाही? पण त्याच्या छातीत आगच लागली. हातातली कला हिची, कौतुक हिचं, निळा कप हिचा, आणि आता मनाचा मोठेपणाही हिचाच? म्हणजे इथे पाऊल टाकलं की दर वेळी हिचे उपकार आठवायचे? छट्! तेवढं तरी तो तिला मिळू देणार नव्हता.

"रिबीन चांगली आहे!" तो जवळजवळ ओरडलाच. "माझी पट्टी झिजलीय. मीच झिजवली. दोन वर्षं तुमच्या रिबिनी मीच फाडतोय, लताबाई. मशीन हिला द्या."

"बरं," लताबाई म्हणाल्या. "मग पुढच्या वेळेपासून हर्षालीच येईल." आणि आत जाऊन त्यांनी पुन्हा चहा टाकला.

चहा आला. निळा कप, विसळून पुसलेला, त्यांनी धनराजच्या पुढे ठेवला. "असं तोंडावर कबूल करणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला हो," त्या म्हणाल्या. हर्षालीच्या पुढे कान तुटलेला कप आला.

हर्षालीने आपल्या कपाकडे बघितलं, मग त्याच्या. क्षणभरच. पण ती नजर धनराजने बरोबर ओळखली. सहा महिने तो तीच घेऊन फिरत होता. त्याने चहाचा एक लांबलचक फुरका मारला.

"हातोडी बदलायला घे, पोरी," तो म्हणाला. "डावीकडून सतरावी. तुटली तेव्हाच आवाजावरून कळलं होतं मला."