चार नंबरच्या मशीनचा लॉग

मानकोलीच्या केसरीनाथशेठच्या गोदामात चार कम्प्युटर होते. रोज सकाळी शेठ चौघांना अगरबत्ती ओवाळायचे, आपल्या हातानं आपलंच नाव नि पासवर्ड टाकून एकेक उघडायचे, आणि मगच माणसांनी कामाला बसायचं. दिवसाची सुरुवात मालकाच्या हातची हवी, अशी त्यांची ठाम श्रद्धा. कुठला माल कुठल्या गाडीत चढवायचा हे नोंदवणारा त्यांतला प्रोग्राम अंजूरच्या मृणालीनं जावा भाषेत लिहिला होता. तिनं प्रत्येकाला वेगळा पासवर्ड कागदावर लिहून दिलाही होता, पण तो कागद कधीच रद्दीत गेला.

२००६ च्या दिवाळीआधी कापडाचे तागे दोनदा भलत्याच गाडीत चढले. सुरतेचा माल नाशिकला. शेठनी पंधरा वर्षं जुना कारकून पंढरी याला धरलं आणि सगळ्यांदेखत सुनावलं, पुन्हा झालं तर घरी बसायचं.

"बाय, कोन कुठं बोट लावतो त्ये सगला लिवून आला पायजे," ते मृणालीला म्हणाले. "मना पुरावा पायजे."

मृणालीनं दोन दिवस खपून लॉगची सोय केली. कोणी काही केलं की प्रोग्राम गुपचूप एका फाइलीत लिहिणार: वेळ, नाव, मशीनचा नंबर, काय केलं. पंढरी खरा माणूस आहे असं तिला वाटत होतं, त्यामुळे तिनं जरा जास्तच मन लावलं.

आठव्या दिवशी परत घोळ. शेठनी पंढरीला आणि मृणालीला केबिनमध्ये बोलावून लॉगचा छापील कागद मागितला. तीनशे ओळी, आणि तीनशे वेळा एकच नाव, केसरीनाथ.

"ह्यो कंचा पुरावा?" शेठ उखडले. "मीच मना पकरू काय?"

"काका, नाव सोडा. मशीन बघा." मृणालीनं एका ओळीवर बोट ठेवलं.

दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. मशीन चार. गाडी बदलली. चार नंबरचं मशीन इथंच केबिनमध्ये, शेठच्या कोपराशीच होतं. जेवण झाल्यावर तिथं बसून माउस फिरवत ते धंद्यावर लक्ष ठेवायचे, हे गोदामात सगळ्यांना ठाऊक होतं.

शेठनी चष्मा लावला, काढला, परत लावला. पंढरीची नोकरी वाचली म्हणून मृणालीला हसू आवरेना.

"बाय," शेठ म्हणाले, "उद्यापासून चार नंबरला पंढरीचा नाव टाक."

"आणि तिथं बसणार कोण?"

"मीच. मालक मी हाय न्हाय का?"

मृणालीचं हसू गेलं, तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पंढरीनं मात्र हात जोडले. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच केबिनमधल्या मशीनवर त्याचं नाव लागणार होतं.